फुकटची जाहिरात

परप्रांती बदलून गेलेल्या मराठी कुटुंबांत अलीकडे एक नवा उद्योग वाढीस लागला आहे. दिवाळीचा फराळ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे पदार्थ गृहिणी घरी करतात आणि त्यांची वार्ता व्हॉट्सॲपवरून किंवा फेसबुकवरून घरोघर पोहोचते. दुकानाचे भाडे नाही, वृत्तपत्रातील जाहिरातीचा खर्च नाही. ज्यांच्यापाशी भांडवल नाही त्यांनाही बाजारात पाऊल ठेवता आले, हा या माध्यमांचा उपकारच म्हटला पाहिजे.

परंतु जे फुकट मिळते त्याचे मोल कोणी तरी देतच असते. फेसबुकने २०१४ साली सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप विकत घेतले; एवढा पैसा कोणी दानधर्मासाठी ओतीत नाही. माणसांची वर्दळ जेथे, तेथेच पुढे कमाई होते, हे व्यापारी जाणतो. आपला लहान उद्योजक मात्र याहून नाजूक चलन खर्च करीत असतो. ते चलन म्हणजे भीड. मराठी मंडळींचा गट जमतो तो गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी, अडीअडचणीला परस्परांच्या उपयोगी पडण्यासाठी. तेथे चकलीचे छायाचित्र झळकले, की काही जण ती आवडीने मागवितात आणि काही जण केवळ भिडेपोटी. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. येथे ती ग्राहकाच्या गळ्यात पडते, आणि विक्रेत्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अधिकाऱ्याच्या घरी हा प्रश्न अधिक बिकट होतो. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पंधरावा नियम कुटुंबीयांच्या व्यवसायास मज्जाव करीत नाही. तो सरकारला कळवावा, एवढेच सांगतो. मात्र कुटुंबीयांच्या विमा वा दलाली यांसारख्या धंद्यासाठी अधिकाऱ्याने पूर्वसंमतीवाचून स्वतः खटपट करणे त्याला मान्य नाही. फराळाचा एक निरोप कचेरीच्या गटात धाडणे ही 'खटपट' होय की नव्हे, यावर कायदेपंडित वाद घालतील. नीतीच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. साहेबांकडून आलेल्या निरोपात हाताखालचा लिपिक चकलीचा भाव वाचीत नाही, साहेबांचा हुद्दा वाचतो. कंत्राटदार तर एका किलोच्या जागी दहा किलो मागवील. आणि तो फराळ कोणत्या खात्यात जमा धरावयाचा, हे आपण सर्वच जाणतो.

मग पत्नीने उद्योग करूच नये काय? अवश्य करावा. तिच्या कष्टांना पतीच्या खुर्चीची सावली बाधू नये, यातच तिचाही मान आहे. आमच्या मते कसोटी एकच: ज्याला 'नको' म्हणताना संकोच वाटणार नाही, त्यालाच विकावे. ज्यांनी आपण होऊन विचारले त्यांची वेगळी यादी ठेवावी; मंडळाच्या गटात सर्वांच्या संमतीने वर्षातून एखादा दिवस मागून घ्यावा; कचेरीचा गट वर्ज्य मानावा. असे केल्याने गिऱ्हाइके थोडी कमी होतील. पण जी राहतील ती चकलीसाठी आलेली असतील, आणि बदलीचा हुकूम निघाल्यावरही ती मागणी करीत राहतील.