ज्यास भार वाहावयाचा, त्यास विचारावे काय?

कामाची जुनी रीत मोडून नवी लावण्याचा प्रसंग आला म्हणजे पुढारी म्हणविणाऱ्या मनुष्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. नवी रीत जुनीपेक्षा चांगली आहे काय, हा पहिला; आणि ती ज्यांच्या अंगावर पडावयाची त्यांस आधी विचारले पाहिजे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी सभा भरतात, हिशेब मांडले जातात, जाणते लोक बोलावले जातात. दुसरा प्रश्न बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. आलाच तर तो सोयीचा समजून सोडून देतात. विचारले तर बरे, न विचारले तरी अडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मते हा प्रश्न सोयीचा नसून नीतीचा आहे. कोणाच्या हातचे काम त्यास न सांगता बदलणे म्हणजे केवळ त्याची सवय मोडणे नव्हे. त्या कामात त्याने जी कसबाची व मानाची जागा मिळविलेली असते, ती आपण त्याच्याखालून काढून घेत असतो.

खेड्यातील वाचकांस ह्याचा अनुभव नाही असे नाही. दूधसंस्थेत दुधाची प्रत मोजण्याचे नवे यंत्र येते. यंत्र चांगले असते, कदाचित जुन्या रीतीपेक्षा खरेही असते. पण पहाटे किटली घेऊन येणाऱ्या बाईच्या हाती एक आकडा लिहिलेली चिठ्ठी पडते. तो आकडा कसा निघाला हे तिला कोणी सांगत नाही, आणि काल होता त्याहून तो आज कमी का, हे विचारण्याची तिला सोय नसते. मग ती दुसरीकडे दूध घालू लागते. संचालक म्हणतात, लोक अडाणी आहेत, त्यांस सुधारणा नको. आम्हांस वाटते, लोकांचा राग यंत्रावर नसतो.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर कोठे पाहावयाचा असेल तर तो आपल्याकडच्या कापडाच्या गिरण्यांत पाहावा. कोकणातून व घाटावरून पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी, आजा म्हणा, चुलता म्हणा, मुंबईच्या भोंग्यावर उठत असे. मुंबईची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली काढली. त्यानंतर पाऊणशे वर्षे गिरणीतील खरा पुढारी मालक नव्हता, तर जॉबर होता. तोच गावाकडून माणसे आणी, तोच कामावर लावी, तोच काढी. खोलीची सोय करी, अडीअडचणीस कर्ज देई आणि ह्या सर्वांबद्दल दस्तुरी घेई. 1931 साली शाही मजूर कमिशनने आपल्या अहवालात ह्या पद्धतीवर कडक ठपका ठेविला, व तो योग्यच होता. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जॉबर लाच खात असे, परंतु त्याच्या हाताखालच्या मनुष्याचे गाव, घर, कर्ज व आजार त्यास माहीत असे. वरच्या साहेबास त्या मनुष्याचे नावही ठाऊक नसे. माणसे पिळणाऱ्यालाच का चिकटून राहतात, ह्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते की, दुसरे कोणी त्यांच्याशी बोलतच नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरणीवाल्यांचा धंदा बसला. जपानचे स्वस्त कापड येऊ लागले. खर्च कमी करावयाचा म्हणून कित्येक गिरण्यांत नवी रीत निघाली: विणकर दोन माग सांभाळीत असे, त्याने तीन सांभाळावे, कातणाराने साच्याची एक बाजू पाहावयाची ती सोडून दोन पाहाव्या. ह्यात सर्वच अन्याय होता असे आम्ही म्हणत नाही. सूत चांगले असेल व यंत्र धड असेल तर एक मनुष्य पूर्वीहून अधिक काम उरकू शकतो. परंतु सूत खराब राहिले, तर तीन मागांवर दीडपट धागे तुटतात, आणि ते जोडणारे हात दोनच. ही गोष्ट कागदावरील हिशेबात दिसत नव्हती. ती ज्यांस दिसत होती त्यांस कोणी विचारले नाही. शिवाय दोघांचे काम एकाने केले म्हणजे दुसरा कोठे जाणार, हा प्रश्न होताच. 1928 च्या एप्रिलात सुरू झालेला संप ऑक्टोबरापर्यंत चालला. सुमारे दीड लाख माणसे सहा महिने घरी बसली. त्यांतील पुष्कळ आपापल्या गावी परतली व ज्या शेतीने त्यांस पूर्वी पोसले नव्हते तिच्यावरच पुन्हा येऊन पडली. पुढे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. नव्या रीतीची मूळ कल्पना तिने सर्वस्वी त्याज्य ठरविली नाही. जी गोष्ट समितीपुढे सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर बोलली गेली, ती आधी बोलता आली नसती काय?

येथपर्यंतचा निवाडा सोपा आहे, आणि सोपा निवाडा पाहिला की आम्हांस थोडी धास्ती वाटते. कारण मालकाने विचारावे असे म्हणताना कामकरी म्हणजे सर्व एकच, असे आपण धरून चालतो. तसे नव्हते. त्या काळी विणण्याच्या खात्यात पगार कातण्याच्या खात्याहून चांगला होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या लोकांस काम मिळत नसे. कारण असे सांगत की, धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी कसा लागावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेविला: तुम्ही मालकाकडे न्याय मागता, मग तुमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही? हा नियम मालकाने केलेला नव्हता. तो विणकरांनीच आपल्या मागाभोवती घातलेला होता.

ह्या उदाहरणावर आम्ही पुष्कळ वेळ विचार केला आहे. त्या वेळी मालकाने विणकरांस बोलावून, तुमच्या खात्याची रीत कशी असावी, असे विचारले असते, तर विणकरांनी आपले दोन माग राखले असते व दारही लावूनच ठेविले असते. जुन्या रीतीत ज्याची जागा आहे त्याला ती प्रिय असते. ज्याला त्या रीतीने उंबऱ्याबाहेर ठेविले, त्याला ती मोडण्याचीच आस असते. तेव्हा ज्यांस आधीच खात्यात माग आहे त्यांसच तेवढे विचारून भागत नाही. ज्याची तेथे अद्याप जागा नाही, त्यासही विचारले पाहिजे. हे कठीण आहे. गावच्या सभेत जे बोलतात तेच गाव, असे समजण्याची चूक सरपंचापासून मंडळीच्या पंचांपर्यंत सर्व करतात. बायका भिंतीशी बसलेल्या असतात. त्यांच्याकडे कोणी मान वळवीत नाही.

विचारणेही दोन प्रकारचे असते. शास्त्रात रहबामाची गोष्ट आहे, ती उपदेशक बंधूंस सांगावयास नको. लोक शखेमास येऊन म्हणाले की, तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेविले, ते हलके कर. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली. वडील मंत्र्यांस विचारले, आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांसही विचारले. मसलतीत उणे काही पडले नाही! फक्त ज्यांच्या मानेवर जू होते त्यांचे म्हणणे त्याने मनावर घेतले नाही, आणि दहा वंश त्यास सोडून गेले. मुंबईत दुसऱ्या एका तऱ्हेने असेच घडले. 1946 च्या कायद्याने एका धंद्यात एकच संघ कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मान्य होई व मालक त्याच्याशीच बोलणे करीत. 1982 च्या जानेवारीत जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार मान्य संघास सोडून डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले. बोलणी करावयाची ती ज्याच्याशी करण्यास कायदा सांगत होता त्याच्याशी, आणि कामगारांचा विश्वास होता तो भलत्याच मनुष्यावर. हा गुंता अखेरपर्यंत सुटला नाही. गिरण्या बुडण्यास जुनी यंत्रे, यंत्रमागांची चढाओढ व जमिनीचा भाव अशी दुसरीही कारणे होती, हे खरे. पण तो संप रीतसर मिटलाच नाही, आणि हजारो घरांची चूल त्यात विझली.

आता ह्याच्या उलट झालेले एक उदाहरण सांगतो. अहमदाबादेस कॅलिको गिरणीत 1952 साली आपोआप चालणारे नवे माग बसविले. यंत्रे उत्तम होती, पण कापड अपेक्षेइतके निघेना व खराब फार होई. दुसऱ्या वर्षी ए. के. राईस नावाचे इंग्रज अभ्यासक तेथे आले. त्यांनी पाहिले की, सव्वादोनशेच्या आसपास मागांवर सुमारे 29 माणसे बारा प्रकारची कामे करीत आहेत: कोणी विणणारा, कोणी मागात कांड्या भरणारा, कोणी तुटलेला ताणा सांधणारा, कोणी नवा ताणा चढविणारा, कोणी कांड्या वाहणारा. प्रत्येकाच्या वाट्यास मागांची संख्या वेगळी. आठ विणकरांस कांड्या भरणारे पाच, म्हणजे हिशेबाने एका विणकराच्या वाट्यास कांड्या भरणाऱ्या मनुष्याचे पाच अष्टमांश आले! असल्या तुकड्यांच्या मनुष्याशी कोणाचे सख्य जमेल? कोण कोणाचा सोबती, ह्याचाच पत्ता नव्हता. काम सर्वांचे, म्हणून कोणाचेच नव्हते.

राईस यांनी सुचविले की, लहान लहान टोळ्या कराव्या व ठराविक माग सर्वस्वी एका टोळीकडे द्यावे. ही कल्पना मुकादमांपुढे व कामगारांपुढे मांडताच कामगारांनी ती उचलली, आणि कोण कोणाच्या टोळीत राहील हे आपसांतच ठरवून टाकले. सात माणसे व चौसष्ट माग अशी व्यवस्था झाली. आरंभी चढउतार झाले, कापड बिघडलेही. पण काम स्थिर झाल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा 80 च्या आसपास होती ती 95 च्या आसपास गेली, आणि खराब कापड शेकडा 32 वरून 20 पर्यंत उतरले. यंत्रे तीच, माणसे तीच. अहमदाबादेस ह्या गोष्टीला जमीनही थोडी तयार होती असे म्हटले पाहिजे; 1920 पासून तेथे अनसूयाबेन साराभाई व गांधीजी यांनी उभा केलेला मजूर महाजन संघ होता, आणि तंटा लवादापुढे नेण्याची, समोरासमोर बसण्याची सवय दोन्ही पक्षांस लागलेली होती.

येथे कोणी हरकत घेईल की, हे सर्व कापडास ठीक. पण नांगर धरणाऱ्यास धरणाचा नकाशा काय विचारावा? आमचे उत्तर असे की, भिंत किती जाड हे त्यास विचारू नये, परंतु पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते हे त्याच्याखेरीज कोणास ठाऊक आहे? ज्याचे जळते त्याला कळते. दुसरी हरकत घाईची. घरास आग लागली असता सभा भरवीत नाहीत, हे मान्य; पण जे पुढारी घाईची सबब सांगतात त्यांच्या घरास नेहमीच आग लागलेली असते, असे आमच्या पाहण्यात आहे. आणि विचारणे म्हणजे कबूल करणे नव्हे. लोक म्हणतील ते अयोग्य असेल तर पुढाऱ्याने ते नाकारावे. मात्र परत येऊन, तोंडासमोर, कारण सांगून नाकारावे. ह्यापासून कोणताही अधिकार त्यास मोकळीक देत नाही.

ह्या सर्वांत खरी अडचण लोकांची नसून पुढाऱ्याची आहे. अहमदाबादेस टोळ्यांनी आपला कारभार आपण पाहावयाचा ठरल्यावर मुकादमास मागे सरावे लागले. आजवर ज्याने प्रत्येक मागाजवळ जाऊन हुकूम सोडावा, त्याने आता दाराशी उभे राहून चांगले सूत वेळेवर येते की नाही व बाहेरचा त्रास आत शिरत नाही ना, एवढे पाहावयाचे. काम अधिक उपयोगाचे, पण दिसण्यात मान कमी. स्वतःची खुर्ची थोडी मागे घेतल्यावाचून दुसऱ्याची रीत बदलता येत नाही, ही गोष्ट फार थोड्या पुढाऱ्यांस मानवते. म्हणून ते दुसऱ्यांनी बदलावे असा उपदेश करतात व आपण होते तेथेच राहतात.

सतरा वर्षांनी, 1970 साली, त्या गिरणीतील टोळ्यांची पुन्हा पाहणी झाली. साध्या मागांच्या एका खात्यात ती व्यवस्था बहुतांशी आरंभी होती तशीच चालत होती. नव्या मागांच्या खात्यांत मात्र बाजाराची मागणी बदलली, कापडाचे प्रकार वाढले, अडचणीच्या वेळी वरचे लोक पुन्हा मागांपाशी येऊन हुकूम देऊ लागले, आणि टोळ्या नावापुरत्या राहून हळूहळू जो तो पुन्हा आपापल्या तुकड्याचे काम पाहू लागला होता.