तिसऱ्यांदा कान

गोविंदपुरमच्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळातून कुंभकोणमला परतताना काकांनी विषय काढला. घर जुनं तंजावरी मराठी. काका बोलतात हळू. मधला कान बिघडला की स्वतःचाच आवाज मोठा वाटतो.

"तिसऱ्यांदा कान उघडायचा म्हणतात."

"पहिल्यांदा हाड कुरतडणारा रोग होता, काढणं भागच होतं. दुसऱ्यांदा उघडला तो काही उरलंय का बघायला. आता कान कोरडा आहे. आता टायटॅनियमचं हाड बसवायचं, ते फक्त ऐकू यावं म्हणून. हवेतून आणि कवटीच्या हाडातून ऐकण्यातलं अंतर २० डेसिबलच्या आत आलं, की यश धरतात."

"मला हवेतूनच ऐकायचंय. कवटीशी हिशेब मिटला काय, न मिटला काय!"

"बेलफास्टच्या स्मिथ आणि पॅटरसननी १९८५ साली हेच मांडलं. कान ३० डेसिबलच्या आत यावा, नाहीतर दुसऱ्या कानाच्या १५च्या आत. तरच माणसाला फरक जाणवतो. तुमचा हा कान ६५वर, हाडाचं २५. समजा ४३वर आला. अंतर १८, डॉक्टर खूश. पण दुसरा कान २०वर आहे. तुम्ही त्यानंच ऐकणार."

"म्हणजे चांगला कान बिघडला, की हे ऑपरेशन यशस्वी!"

"तसं नव्हे…"

"तसंच. आणि वयानं तो बिघडणारच. मग हा तयार असावा की नको?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून धोके सांगितले. पुन्हा उघडलेल्या कानात व्रणांमुळे खुणा सापडत नाहीत. चेहऱ्याची नस कधी उघडी पडलेली असते. आतल्या कानाला धक्का बसला, तर हाडाचं ते २५ही जाईल. "दुसरा बिघडेल तेव्हा बघू."

"तेव्हा मी ऐंशीचा. भूल द्यायला कोण धजेल?"

"ऐकायचं मशीन लावा."

"लावून बघितलं. झांजा सुरू झाल्या की झांजाच ऐकू येतात, अभंग जातो."

"ऑपरेशननंतर तरी गर्दीत अभंग नीट ऐकू येईल, असं कोण सांगतंय?"

काका थोडा वेळ गप्प. मग एकदम, "२०२८ला महामहमचं स्नान आहे. तळ्यात बुडी चालेल?"

"कान कोरडाच ठेवा. ते डॉक्टरांना विचारा."

"विचारीन. आणि त्यांनी स्वतः तिसऱ्यांदा उघडलेले कान किती, त्यातले किती आज देवळात बसून ऐकतात, तेही विचारीन. तुझं बेलफास्ट राहू दे."