औषधाची किंमत आणि सेवेचे मोल

आजारी माणसावर किती खर्च केला, यावरून त्याच्यावरील प्रेमाचे माप घेण्याची रीत आपल्या समाजात रुजली आहे. सुरतेसारख्या व्यापारी नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत ती जरा अधिकच मुरली असावी. जे महाग ते अस्सल, हा बाजाराचा न्याय आपण नकळत घरातही आणला. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या सांध्यांच्या दीर्घ व्याधीत हा न्याय तपासून पाहणे भाग पडते. उपचार वर्षानुवर्षे चालतो, आणि स्वस्त औषध निवडणे म्हणजे आईच्या वेदनेशी घासाघीस करणे, असे मनाला टोचत राहते.

वस्तुस्थिती मात्र वेगळे सांगते. या व्याधीवर बहुधा प्रथम दिले जाणारे मेथोट्रेक्सेट जुने आहे आणि स्वस्तही. एकट्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या ३५३ रुग्णांवरील एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना त्याच्या जोडीला सल्फासॅलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या स्वस्त गोळ्या दिल्या, तर काहींना इटानरसेप्ट हे महागडे इंजेक्शन. ४८ आठवड्यांअखेर तिहेरी गोळ्यांचा उपचार इंजेक्शनापेक्षा उणा ठरला नाही.

मग स्वस्त ते सारे चांगले काय? तसेही नाही. स्टेरॉइडची गोळीही स्वस्तच असते. ती थोड्या दिवसांत आराम देते; पण देखरेखीवाचून महिनोन्‌महिने घेतली तर हाडे ठिसूळ करते, रक्तातील साखर वाढवते. कठोपनिषदातील श्रेय-प्रेयाचा भेद इथे औषधांच्या कपाटातच उभा राहतो. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. वेळोवेळी रक्त तपासावे लागते.

म्हणजे स्वस्त औषधाचे उरलेले मोल घरच्यांनी भरायचे असते: वार लक्षात ठेवून, तपासणीला सोबत जाऊन, धीर धरून. चार महिने इंजेक्शन देऊन पैसे संपताच ते थांबवणाऱ्या घरापेक्षा, दहा वर्षे गोळ्यांचा वार न चुकवणारे घर रुग्णाला अधिक देते, असे आम्हांस वाटते.

गोळ्यांनी ज्यांना गुणच येत नाही, त्यांचा प्रश्न मात्र घरापुरता राहत नाही. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने २०१४ साली अडालिमुमॅब या इंजेक्शनाची जैवसमान आवृत्ती मूळ औषधाहून पुष्कळ कमी किमतीत आणली. तरी बेताच्या मिळकतीला असा उपचार दीर्घकाळ झेपणे कठीणच. तेथे कुटुंबाच्या प्रेमाची परीक्षा पाहणे अन्यायाचे होईल. तो भार समाजाने वाटून घ्यावा. ज्यांना गोळ्या पुरतात, त्यांनी मात्र स्वस्ताईची लाज बाळगू नये. लाज बाळगायचीच तर चुकलेल्या वाराची बाळगावी.