तळे खणल्याचे पुण्य

१९९० साली मध्य प्रदेशातल्या देवासची तहान भागवायला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या गावाला तळी नव्हती असे नाही. देवासची तळी बुजली, त्यांवर घरे आणि कारखाने उठले, आणि विंधनविहिरींनी जमिनीतले पाणी उपसून काढले. २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या रानात तळी खणायला सुरुवात केली. त्यांना पुण्य नव्हे, नफा समजावून सांगितला गेला, आणि तो पटला. नफ्यासाठी खणलेल्या अशा तळ्याला धर्मकृत्य म्हणावे का?

विहिरी, तळी, बागा यांना धर्मशास्त्र ‘पूर्त’ म्हणते, पण त्याचे पुण्य नुसत्या खणण्यात नाही. तळे बांधून झाले की उत्सर्गाचा विधी असे. कर्ता मालकी सोडून ते पाणी सर्व प्राण्यांना अर्पण करी. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात याची चर्चा केली आहे. म्हणजे कसोटी खर्चाची नाही, हक्क सोडण्याची आहे. या कसोटीला रानातले तळे उतरत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाणी मुरते, शेजाऱ्याच्या विहिरीला चढते. हेतू काहीही असो, फळ सर्वांनाच मिळते. हे खरे आहे. पण मुरलेले पाणी मालकाने दिलेले नसते, ते त्याच्या हातून सुटलेले असते. पाऊस दगा देईल त्या वर्षी तो उरलेल्या पाण्याला कुलूप लावू शकतो, आणि फरक तेव्हाच कळतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. उत्सर्गातले ‘सर्व’ खरोखर सर्व होते का? महाडचे चवदार तळे नगरपालिकेने अस्पृश्यांना कागदोपत्री खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर तळ्यावरच्या हक्काचा दावा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ पर्यंत चालला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्याने कसोटी मोडत नाही, उलट कडक होते. दात्याने हक्क सोडणे पुरत नाही, घेणाऱ्याचा हक्क मान्य व्हावा लागतो.

म्हणून देवासची तळी उत्तम शेती आहेत, पूर्त नव्हेत. अवर्षणात त्यांतल्या किती पाण्यावर गावाचा हक्क राहील, हे ग्रामसभांनी आताच ठरवून लिहून ठेवावे.