अर्ज, सही आणि करारनामा

एखादा प्रदेश फुटून निघण्याची भाषा बोलू लागला, की आपण त्याच्या शेवटच्या मागणीपासून विचारास आरंभ करतो, आणि शेवटची मागणी कोणत्याही राज्यकर्त्याला असह्य वाटावी अशीच असते. परंतु तिच्या आधी आलेल्या लहानसहान मागण्यांचे काय झाले, याची कैफियत सरकारकडे क्वचितच मागितली जाते. ती मागावयाची असेल, तर मिझोरामच्या इतिहासाइतका बोलका दाखला स्वतंत्र भारतात दुसरा नाही.

त्या डोंगरांत ‘माउताक’ जातीचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा, पण सर्वत्र एकाच सुमारास फुलतो. त्याचे बी खाऊन उंदरांची अमर्याद पैदास होते आणि बी संपताच त्या झुंडी उभ्या भातशेतीवर तुटून पडतात. १९११ सालचा असा दुष्काळ वृद्धांनी स्वतः भोगलेला होता. त्याच हिशेबाने मिझो जिल्ह्याच्या स्वायत्त मंडळाने १९५८ साली आसाम सरकारकडे पंधरा लक्ष रुपयांची आगाऊ तजवीज मागितली, आणि सरकारने ती मागणी डोंगरी लोकांची अंधश्रद्धा समजून बाजूला सारली. पुढल्याच वर्षी बांबू फुलला. पाठीवर धान्य लादून गावोगाव पोहोचवणाऱ्या तरुणांची जी दुष्काळनिवारण संघटना उभी राहिली, तिचेच २२ ऑक्टोबर १९६१ रोजी मिझो नॅशनल फ्रंट या राजकीय पक्षात रूपांतर झाले. मधल्या काळात, १९६० साली, आसामी ही राज्याची राजभाषा ठरवणारा कायदा येऊन दुरावा अधिकच वाढला होता. पक्षाचे पुढारी लालडेंगा हे एकेकाळी भारतीय लष्करात हवालदार, आणि नंतर त्याच जिल्हा मंडळाच्या कचेरीत कारकून होते. ज्या कचेरीतून तो अर्ज गेला, तिथलाच माणूस पुढे बंडाचा नायक व्हावा, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी विसरू नये अशी आहे.

२८ फेब्रुवारी १९६६च्या रात्री बंडखोरांनी ठाण्यांवर आणि खजिन्यावर हल्ले केले व दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर केले. वेढ्यात सापडलेल्या जवानांना सोडवणे हे सरकारचे कर्तव्यच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ५ मार्च रोजी ऐजॉल या आपल्याच शहरावर आपल्याच वायुदलाच्या विमानांनी मारा केला, घरे आणि बाजार जळाले, आणि त्याची कबुली न देता सरकारने विमाने केवळ रसद टाकण्यास गेली होती असा पवित्रा घेतला, याचे समर्थन मला करता येत नाही. संरक्षणखाते त्या वेळी यशवंतराव चव्हाणांकडे होते. म्हणूनही मराठी वाचकाला हे प्रकरण परके मानता येणार नाही.

त्याहून खोल घाव १९६७ पासून अमलात आलेल्या ग्राम-एकत्रीकरणाने घातला. मलायात इंग्रजांनी वापरलेल्या युक्तीच्या धर्तीवर शेकडो गावे उठवून त्यांतील माणसे रस्त्याकडेच्या कुंपणबंद वसाहतींत कोंबण्यात आली. दार्झो या गावची हकीकत विजेंद्रसिंह जाफा या सनदी अधिकाऱ्याने त्या कामगिरीवरील लष्करी अंमलदाराच्याच शब्दांत नोंदून ठेवली आहे. आपली घरे आपल्या हातांनी पेटवण्यास गावकरी धजेनात, तेव्हा आग अंमलदारालाच लावावी लागली. मात्र जादा भात लपवून ठेवण्यास त्याने गावच्या प्रमुखाला काही तासांची मुदत दिली, कारण तेही जाळण्याचा हुकूम होता. मग कागद पुढे आले. आम्ही राजीखुशीने स्थलांतर मागितले, असे एकावर लिहिले होते. गाव आम्हीच जाळले आणि आमच्यावर कोणतीही जबरदस्ती झाली नाही, असे दुसऱ्यावर. गावचे पुढारी सही करीनात. तासाभराने त्यांना एकेकट्याने आत बोलावण्यात आले. मेजावर भरलेले रिव्हॉल्व्हर होते, कोपऱ्यात स्टेनगन घेतलेले दोघे उभे होते, आणि सह्या झाल्या. प्रजेचा खरा अर्ज अमान्य करणारे शासन अखेरीस प्रजेच्या नावाने स्वतःच खोटा कागद लिहू लागते, इतका हा प्रवास अल्पकाळात झाला.

१९७२ साली केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा मिळाला, वाटाघाटी अनेकदा जमल्या आणि मोडल्या. अखेर ३० जून १९८६ रोजी करारनामा झाला. केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे एकेकाळी संरक्षणमंत्री यशवंतरावांचेच खासगी सचिव होते, आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. रूढी, धर्माचार, परंपरागत न्याय आणि जमिनीची मालकी यांविषयी संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेच्या संमतीवाचून लागू होऊ नये, हे तत्त्व कलम ३७१-जी म्हणून संविधानात आले. परंतु माझ्या मते कलमांपेक्षाही निर्णायक ठरले ते वचनपालन. आदल्या वर्षीच्या पंजाब करारात २६ जानेवारी १९८६ रोजी चंदीगढ देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही, आणि पंजाबने पुढची वर्षे रक्तपातात काढली. मिझोराममध्ये उलट काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहॉला यांनी कालच्या बंडखोरासाठी खुर्ची सोडली आणि स्वतः उपमुख्यमंत्रिपद पत्करले. १९८७च्या निवडणुकीत चाळीसपैकी चोवीस जागा लालडेंगांच्या पक्षाने जिंकल्या. सुमारे दीड वर्षातच पक्षांतराने त्यांचे सरकार पडले, १९८९ साली ते निवडणूकही हरले, आणि तरीही अरण्यात परतले नाहीत. बंडखोराला जिंकू देण्याचे औदार्य कोणी दाखवील. पण त्याने पराभव मान्य करावा एवढा विश्वास त्याच्या ठायी निर्माण करणे ही राज्यकलेची खरी सिद्धी होय.

२००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला, तेव्हा लालडेंगांचे जुने सहकारी झोरामथंगा मुख्यमंत्री होते. नुकसान टळले नाही, मदतीविषयी तक्रारीही झाल्या. पण या खेपेस उंदरांच्या शेपट्या मोजून सरकार बक्षीस देत होते, केंद्राच्या साहाय्याने योजना आखली गेली होती, आणि राग मतपेटीत उतरला.

एक देणे मात्र बाकी आहे. ऐजॉलवरील माऱ्याचा पंतप्रधानांच्या तोंडी लोकसभेत उल्लेख झाला तो २०२३ साली, आणि तोही पक्षीय वादाच्या ओघात. त्या दिवसांची आणि ग्राम-एकत्रीकरणाची संपूर्ण कागदपत्रे खुली करावीत, संसदेने संसद म्हणून खेद व्यक्त करावा, आणि दार्झोसारख्या गावांतून घेतलेल्या सह्या जबरदस्तीच्या होत्या अशी नोंद सरकारने स्वतःच्या दफ्तरी करावी. ज्यांनी त्या दिल्या, त्यांच्यापैकी जे कोणी हयात असतील त्यांच्या डोळ्यांदेखत हे व्हावे.