नळीवरचा देवनागरी आकडा

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात मुलीकडे राहायला गेलो होतो. शेजारचे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर. मी भारतातला, हे कळल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला तळघरात नेले. जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांब रायफल टेबलावर ठेवली, नळीच्या मागच्या टोकावर भिंग धरले आणि विचारले, "हे तुम्हाला वाचता येईल का?" लोखंडात छिन्नीने खोदलेली अक्षरे देवनागरी होती. पलटणीचे नाव निम्मे झिजले होते, पण त्यापुढचा आकडा स्पष्ट होता : ३४७. मी तो मोठ्याने वाचला. मास्तरांनी आपली नोंदवही काढली, त्या रायफलीचे पान उघडले आणि माझ्या हातात पेन देऊन म्हणाले, "तुमच्या लिपीत लिहा."

ती मार्टिनी-हेन्री होती. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली, खालची तरफ ओढली की मागचे तोंड उघडणारी एकबारी रायफल. ती मास्तरांपर्यंत काठमांडूहून आली होती. नेपाळच्या सैन्याने दोन शतकांत निवृत्त केलेली शस्त्रे लगन सिलेखाना नावाच्या जुन्या वाड्यात रचून ठेवली होती. २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी तो सगळा साठा विकत घेतला. पन्नास हजारांहून अधिक बंदुका, शिवाय तोफा, संगिनी आणि खुकऱ्या. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुका होत्या, दोनच खाचांच्या नळीची ब्रन्सविक रायफल होती, आणि नेपाळातच गहेंद्र शमशेर राणांनी बनवून घेतलेली गहेंद्र रायफलही होती. साधा नोकरदारही घेऊ शकेल अशा दराने यांतल्या पुष्कळ बंदुका विकल्या गेल्या. घेणाऱ्याला दोन पर्याय होते : साफ करून, नाहीतर वाड्यातून निघाली तशी, शंभर वर्षांच्या चिकट मळासकट. मास्तरांनी मळासकट घेतली आणि एक हिवाळाभर लाकडी काडी, चिंधी आणि तेल घेऊन ती उघडी केली. अक्षरे अशी सापडली.

मी पुण्यात वाढलेला माणूस. बंदुका जमवणारा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एक उग्र चेहरा येई. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांच्या बातम्या वाचून तो चेहरा अधिकच पक्का झाला होता. तीस वर्षे मुलांना शिकवलेल्या या माणसाला मी ते बोलूनही दाखवले. ते रागावले नाहीत. नव्या बंदुकांचे कायदे कडक व्हायला हवेत असे त्यांचेही मत होते. ते म्हणाले, "ही आता कोणाला मारण्यासाठी उरलेली नाही. ही वाचण्यासाठी आहे." त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर जुन्या बंदुकांच्या दोन-तीन बाजारांना गेलो, आणि 'वाचणे' हा शब्द त्यांनी किती नेमका वापरला होता ते तिथे कळले.

या छंदातला जाणता माणूस बंदूक हातात घेतो ती खांद्याला लावायला नव्हे. तो आधी ती उलटी करतो. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर कोणता छाप आहे? ईस्ट इंडिया कंपनीचा जुना छाप हृदयाच्या आकाराचा, आत कंपनीची आद्याक्षरे. १८०८ च्या सुमारास तो जाऊन मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह आला. एका छापावरून बंदूक कोणत्या पिढीची ते ठरते. मग नळीवरचा, दस्त्यावरचा आणि सुट्या भागांवरचा क्रमांक एकच आहे का ते पाहायचे. नसेल तर कुठल्यातरी शस्त्रागारात दोन मोडक्यांची एक झाली आहे. दस्त्याला संगिनीच्या घासण्याचा व्रण आहे का? लाकूड पॉलिश केले आहे का? चकचकीत केलेल्या बंदुकीची किंमत या बाजारात घसरते, कारण चकाकीबरोबर पुरावाही घासून जातो.

खोटे ओळखायलाही हाच अभ्यास लागतो. खैबर खिंडीच्या भागात, विशेषतः दर्रा आदमखेल गावात, हाताने बंदुकांच्या नकला करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिथल्या बाजारातून 'व्हिक्टोरियाच्या काळातल्या' मार्टिनी हौसेने घरी आणल्या. त्यांतल्या कित्येकांवर राणीची आद्याक्षरे होती आणि साल होते १९०१ नंतरचे. राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली. काहींवर इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला होता, कारण कोरणाऱ्याला ती लिपीच येत नव्हती. माझ्या मते त्या नकलाही जपण्यासारख्या आहेत, फक्त त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखावे.

या देवघेवीला कायद्याची चौकट आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक 'अँटिक' ठरवली. केंद्राच्या लेखी ती पुराणवस्तू, तिला परवाना लागत नाही, राज्यांचे नियम मात्र निराळे. त्यानंतरची पण पन्नास वर्षे पूर्ण झालेली बंदूक 'क्युरिओ अँड रेलिक' या वर्गात येते. तिच्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे : तीन वर्षांचे तीस डॉलर. अट अशी की प्रत्येक खरेदी आणि विक्री वहीत उतरवायची, आणि विकायचे ते संग्रह सुधारण्यापुरते. धंदा करायचा असेल तर विक्रेत्याचा परवाना काढावा लागतो. मास्तरांची ती वही म्हणजे ही नोंदवही. कायद्याने मागितले त्याच्या दसपट त्यांनी तिच्यात लिहिले होते. विकताना त्या पानाची प्रत बंदुकीबरोबर जाते, पुढचा मालक त्यात आपली भर घालतो. जुन्या वस्तूंचा व्यापार म्हणजे वारशाची लूट, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. इथे मी पाहिलेल्या व्यापारात वस्तू हातोहात फिरत होती आणि प्रत्येक हाताबरोबर तिच्याबद्दलची माहिती वाढत होती.

एका रविवारी मास्तरांनी मला काळ्या दारूची नेमबाजी दाखवायला नेले. हा छंद तिथे जुना आहे. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी ज्यांचे मेळावे भरतात ती ठासणीच्या बंदूकवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची. त्या दिवशी मास्तरांच्या हातात १८५३ सालच्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल होती. त्यांच्याकडच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी वापरलेली, म्हणून तिथे तिचे एवढे प्रेम. माझ्या मनात तिचे नाव १८५७ च्या उठावाशी, मेरठशी जोडलेले. काडतुसे त्यांनी घरीच वळली होती : कागदाची सुरळी, आत मोजून घेतलेली दारू, वर शिशाची गोळी, आणि गोळीभोवतीच्या कागदाला मेणचरबीचा हात. एक टोक फाडून दारू नळीत ओतली, गोळी उलटी करून तोंडाशी बसवली, उरलेला कागद फाडून टाकला, गजाने ठासली, टोपी चढवली, बार काढला. पांढऱ्या धुराचा मोठा लोट उठला आणि वास आला तो थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. शोरा, गंधक, कोळसा. आपल्या भुईनळ्यात तेच असते.

मी विचारले, "हे वंगण नाहीच लावले तर?" त्यांनी पुढची काडतुसे कोरडी वापरली. पहिले दोन-तीन बार नीट गेले. मग गोळी नळीत अडकू लागली, गजावर दोन्ही हातांनी जोर द्यावा लागला. काळी दारू जळताना नळीत कडक काजळीचा थर सोडते. वंगण तो थर मऊ ठेवते. १८५७ च्या वसंतात काडतूस दाताऐवजी बोटांनी फाडण्याची कवायत सरकारने काढली, पण वंगण काढून टाकणे त्याला शक्यच नव्हते. त्याशिवाय ती रायफल चालत नाही. चरबीच्या काडतुसांची ही कथा मी शाळेपासून वाचत आलो आहे. सरकारने वंगणाचा हट्ट का सोडला नाही याचे यांत्रिक उत्तर मात्र मला त्या रविवारी, अडकलेल्या गजाने दिले. उठावानंतर शिपायांसाठी याच एन्फिल्डची वेगळी आवृत्ती काढली गेली, आतल्या खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीची, म्हणजे नेम जवळच्या अंतरापुरताच. अविश्वास असा लोखंडात उतरला. अशी बंदूक हातात घेऊन नळीत डोकावले की तो दिसतो.

हे सारे पाहताना मला सतत घरची आठवण येत होती. राजापूर तालुक्यात आमच्या आजोबांकडे एक ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरे आणि माकडे यांच्यासाठी. खंडेनवमीला ती पाटावर ठेवून तिला झेंडूचे फूल वाहत. घोड्याखालच्या पट्टीवर एक जनावर कोरलेले होते, आम्ही मुले त्याला कुत्रा म्हणायचो. आजोबा गेल्यावर परवाना नावावर करून घेण्याच्या फेऱ्यांना काका कंटाळले आणि त्यांनी ती जमा करून टाकली. तिचा एकही फोटो नाही. तो कुत्रा मागच्या पायांवर उभा होता एवढे मला आठवते. पेनसिल्व्हेनियात कंपनीचा सिंह पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ बोललो नाही.

आपल्याकडे या शस्त्रांची परंपरा काही थोडी नव्हती. आपल्या भाषेत ती अजून आहे. आपण लग्नाचा बार उडवतो, प्रश्नांच्या फैरी झाडतो, फसलेल्या बेताला फुसका बार म्हणतो. तोड्याची बंदूक, जामगी, रंजक, गज, उंटावरची सुतरनाळ, हे शब्द बखरींत आणि कागदपत्रांत पडून आहेत. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पानिपतावर कवायती बंदुका घेऊन उभ्या होत्या. महादजी शिंद्यांनी आपला युरोपी सेनानी द बोईन्य याच्या पलटणींसाठी आग्र्याला शस्त्रांचे कारखाने घातले. त्यांतल्या बंदुका गेल्या कुठे? बऱ्याचशा लढायांत गेल्या, आणि त्याहून अधिक निःशस्त्रीकरणात. १८५७ मध्ये शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सुटला तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी बंड केले ते याच कारणाने. पुढे १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्रकायदा आला. कंपनीच्या आणि संस्थानांच्या बंदुका भट्टीत गेल्या, आणि ज्या वाचल्या त्यांच्यावर अभ्यास झाला तो परदेशात : एगर्टनचे भारतीय शस्त्रांवरचे पुस्तक १८८० चे, जॉर्ज कॅमेरॉन स्टोनचा शस्त्रकोश १९३४ चा. स्टोन पेशाने धातुतज्ज्ञ, छंदाने संग्राहक. आपल्याकडेही दिनकर केळकरांसारखा माणूस होऊन गेला. अडकित्ते, दिवे, वाद्ये, शस्त्रे यांसाठी गावोगाव हिंडून एका कवीने एकट्याने वस्तुसंग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते राज्याला दिले. बंदुकीसाठी आज तसे हिंडायचे कोणी ठरवले तर काय होईल, हा माझा प्रश्न आहे.

आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम पुराणवस्तूला सूट देतो, नाही असे नाही. कलम ४५ म्हणते की जुन्या नमुन्याचे किंवा पुरातन मोलाचे शस्त्र, जे दुरुस्तीने वा दुरुस्तीशिवाय वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाचायला उदार वाटते. पण तोड्याची बंदूक म्हणजे काय? एका टोकाला बंद केलेली लोखंडी नळी, बाजूला एक भोक आणि जळती वात टेकवणारा आकडा. बिघडण्याजोगे तिच्यात फारसे नाहीच. तीनशे वर्षांची असली तरी दुरुस्तीने ती कधीतरी उडेलच. म्हणजे जितकी जुनी आणि साधी, तितकी ती या सवलतीबाहेर. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. तिसरी जमा करायची. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना मात्र परवान्यातून सूट आहे, कैलपोढ सणाला ते आजही घरच्या बंदुकांची पूजा करतात. बाकी देशात, नळी भोसकून किंवा कापून निकामी करा, नाहीतर सोडून द्या, एवढेच मार्ग उरतात.

सरकारची भीती खोटी नाही. ब्रिटनने जुन्या बंदुकांना बरीच मोकळीक दिली होती. गुन्हेगारांनी तिचा फायदा घेतला, कारण काही जुन्या रिव्हॉल्वरांना चालतील अशा गोळ्या बनवता येत होत्या. म्हणून २०२१ मध्ये त्यांनी नियम घट्ट केले, १ सप्टेंबर १९३९ ही सीमा घातली आणि काही मापे सवलतीतून काढली. पण त्यांनी सवलत मोडीत काढली नाही, तिची कड नेमकी केली. आपणही तेच करावे. काडतुसाच्या बंदुका आहेत तशा परवान्यात राहू द्याव्यात, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तोंडाकडून भरायच्या, एका ठरावीक सालापूर्वीच्या बंदुकांसाठी मात्र वेगळी नोंदवही असावी : फोटो, मापे, छाप, मालकाचे नाव, विक्रीची नोंद. बार काढायची मुभा नसली तरी चालेल. फक्त नळी भोसकण्याची सक्ती नको. भोसकलेल्या नळीतून तिच्या लोहाराने पट्ट्या कशा वळवून जोडल्या होत्या ते कायमचे निघून जाते.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर तुमच्या घरात, मामाच्या माळ्यावर, देवघरामागच्या कोपऱ्यात परवान्याची जुनी बंदूक असेल तर एक करा. ती जमा करण्यापूर्वी, विकण्यापूर्वी, घासून लख्ख करण्याच्याही आधी, दिवसाच्या तिरप्या उजेडात तिचे फोटो काढा. घोड्याखालची पट्टी, नळीची मागची बाजू, दस्त्याचा तळ. नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास मोजा. ती कोणाकडून आली हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा आणि ते सांगतील तसेच लिहून घ्या. त्या कागदाची एक प्रत जवळच्या इतिहास मंडळाला किंवा संग्रहालयाला द्या. एका दुपारचे काम आहे. आमच्या घरी ते कोणी केले नाही.