'लपाछपी', 'छोरी' आणि आपलं घर

'लपाछपी' मी बीडमध्ये, घरातले दिवे बंद करून मोबाइलवर पाहिला. विशाल फुरियाचा हा सिनेमा २०१७ साली आला. कर्जापायी पळालेलं जोडपं, बायको गरोदर आणि उसाच्या मधोमध एक घर. भुतापेक्षा मला त्या घरातल्या बाईची भीती वाटली. कारण तसा मायेचा आवाज मी आमच्या डोहाळजेवणांत ऐकलाय: "मुलगाच होऊ दे गं बाई."

२०२१ मध्ये फुरियानेच हिंदीत रिमेक केला, 'छोरी'. पैसा जास्त, कॅमेरा सफाईदार. ऊस तोच. तरी पाहताना मला हायसं वाटलं. माणसं हिंदी बोलत होती ना, म्हणजे हे तिकडचं!

मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी.

मग रिमेक फसला का? मला नाही वाटत. गोष्ट फारशी न बदलता ते घर दुसऱ्या मुलखात उभं राहू शकलं, यातच त्याचं यश आहे आणि खरी भीतीही. पळवाट सिनेमाने दिली नव्हती, ती मी शोधली. झपाटलेलं घर कायम दुसऱ्याचं असतं, असं मानलं की झोप छान लागते.

परवा नात्यात मुलगी झाली. कुणीतरी म्हणालं, "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी." सगळे हसले. त्या 'असू दे'वर मी काहीच बोललो नाही.